सलीमचाचांचं लायसन्स सस्पेंड झालं तेव्हा

दुबईत बाल्कनी कितीही झाडा, सकाळी वाळू परत हजर! लायसन्सच्या किश्श्यांचंही तसंच. आमच्या फ्रोझन फूडच्या गोदामात तर ढीग साचलाय, आणि त्यातले निम्मे एकट्या सलीमचाचांचे.

चाचा रत्नागिरीचे. कंपनीची डिलिव्हरी व्हॅन चालवतात. चालवताना फोन कानाला लावायची सवय. दंडाचे ब्लॅक पॉइंट साचत गेले आणि लायसन्स सस्पेंड! कंपनीने सांगितलं, परत मिळेपर्यंत गोदामात बसा. नाही मिळालं, तर व्हिसा कॅन्सल.

*

दुसऱ्या दिवशी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

"साहेबाला भेटून हात जोडतो."

"चाचा, साहेब नाहीये. सगळं ॲपवर आहे, सगळ्यांना सारखंच," मी म्हणाले.

त्यांनी फोन बराच वेळ न्याहाळला. "मग हात कुणाला जोडायचे, बेटा?"

समानतेवर कॉलेजात मी तावातावाने भाषणं ठोकली होती. हा प्रश्न कधी सुचला नव्हता!

*

आमचे मॅनेजर देशमुख सर पक्के पुणेकर, पण ओळखीवर भलता विश्वास. "एक अरबी व्यापारी आपला दोस्त आहे. एक फोन करतो, खलास!"

दोन दिवस त्याचा फोन बंद.

चाचा लायसन्स परत मिळवायच्या कोर्सला गेले, तर शेजारच्या बाकावर कोण? सरांकडे येणारा तोच व्यापारी! दारात गाड्यांची रांग असलेला माणूस टॅक्सीने आला होता. चाचांनी अदबीने सलाम केला.

तो हळूच म्हणाला, "भाई, पेन है क्या?"

*

देशमुख सरांनी एकदा मुलीला शाळेत सोडताना सिग्नलला फोन उचलला. मागच्या सीटवरून ती सात वर्षांची चिमुरडी गरजली, "बाबा, पुट इट डाऊन! यू वॉन्ट टु बिकम सलीम अंकल?"

सरांनी हे ऑफिसात सांगितलं. आम्हाला वाटलं, चाचा चिडणार.

चाचा म्हणाले, "पोरीला माझा सलाम सांगा. मला कुणी वेळेवर असं ओरडलं असतं तर!"

*

सस्पेन्शनचा शेवटचा दिवस. भर दुपारी मासळीचा ट्रक आला, आणि गोदामाच्या दारात रस्त्यावर आमची व्हॅन आडवी. बदली ड्रायव्हर सुट्टीवर. व्हॅन गिअरची, आणि आम्हा सगळ्यांची लायसन्सं फक्त ऑटोमॅटिकची!

"चाचा, दारासमोरून बाजूला तर घ्यायचीय! उद्या लायसन्स मिळणारच आहे," सर ओरडले.

"म्हणूनच आज नाही."

"माल खराब झाला तर नोकरी जाईल तुमची!"

"नोकरी घ्या, सर. किल्लीला मी हात लावणार नाही."

मग चाचांनीच बाह्या सरसावल्या. "सर, तुम्ही स्टिअरिंग धरा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल." आणि व्हॅनला मागून खांदा लावला. आम्हीही लावला. बघता बघता सगळं गोदाम व्हॅनमागे!

तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली. एक तरुण अधिकारी उतरला. सर स्टिअरिंगवर थिजले.

"ड्रायव्हर कौन?"

चाचा घाम पुसत पुढे झाले. "मैं, साब. लायसन्स कल मिलेगा. इसलिए आज धक्का!"

अधिकाऱ्याने व्हॅन पाहिली, ट्रक पाहिला, चाचांना नीट पाहिलं. टोपी काढून आपल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. मग चाचांच्या शेजारी येऊन त्याने व्हॅनला खांदा लावला.

"यल्ला! चलो!"