मामांनी बसवलेली नजर

माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं बिनदिक्कत बघणारा दुसरा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात आजवर झालेला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. हे माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे थोरले मामा. पेणला रामवाडीच्या अलीकडे त्यांच्या घरच्यांचा गणपतींचा कारखाना आहे. तिथे माती, साचा, रंग ही कामं बाकीच्यांनी करायची आणि डोळे मात्र मामांनी आखायचे, अशी वाटणी त्यांच्या भावांनी कधीकाळी करून दिली, आणि ती करताना आपण घरात काय आणून ठेवतोय याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नसावी. आखणीच्या वेळी पंखा बंद, रेडिओ बंद, आणि ज्याला शिंक येईल त्याने रस्त्यापलीकडे जाऊन शिंकायचं. एकदा मूर्ती ठरवायला आलेल्या एका पुढाऱ्याचा मोबाइल ऐन बुबुळाच्या वेळी वाजला. मामांनी कुंचला न उचलता डाव्या हाताने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला, डोळा पुरा केला, आणि मग बाहेर येऊन त्याच्याकडे मान तिरकी करून बघत म्हणाले, "तुमच्या दोन डोळ्यांत पण अंतर जास्त हाय साहेब. पण तुमचा कारखाना येगळा." पुढाऱ्याने मूर्ती दुसरीकडून नेली.

इथवर ठीक होतं. पण कारखान्यातून निघताना ही खोड तिथेच खुंटीला टांगून यावी, हे मामांना कधी जमलं नाही. मी मुलगी बघायला पेणला गेलो तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती आणि समोर हे गृहस्थ. त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा हवेत धरला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "डावा डोळा अर्धं सूत खाली हाय. पण चालंल." त्यावर माझं लग्न ठरलं. पुढे रोह्याला आमच्याकडे आले असताना त्यांनी बँकेच्या खिडकीतून हात आत घालून पलीकडच्या बाईंचा चष्मा सरळ केला. माझ्या कंपनीतल्या साहेबांची आई वारली तेव्हा मी त्यांना चुकून बरोबर नेलं, तर सगळे डोळे मिटून बसलेले असताना मामा उठले, हार घातलेली तसबीर दोन बोटं सरकवली आणि समाधानाने म्हणाले, "आता नीट बघतायत आपल्याकडं." साहेबांच्या बायकोने दचकून डोळे उघडले. मामांबरोबर चारचौघांत जायचं म्हणजे स्वतःच्या चपलांकडे बराच वेळ बघत राहायची तयारी ठेवायची, एवढं मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकलो.

अशा माणसाच्या हातात रायफलचा दस्ता द्यावा असं कुणाला वाटलं असतं? पण ते घडलं. माझी मुलगी केतकी नेमबाजी करते. आम्ही रोह्याला वरसे गावात राहतो आणि ती ज्या क्लबात जाते तिथे लांब पल्ल्याची रायफल एकच आहे. ती दोघींत वापरायची, एक आमची केतकी आणि दुसरी कासूच्या पुढच्या वाडीतली वैशाली. वैशालीची आई मजुरीला जाते, आणि पोरगी केतकीपेक्षा चांगली मारते, हे केतकीच मला येऊन सांगायची. या प्रकारात जमिनीवर पालथं पडून, दस्ता खांद्याला लावून गाल त्याच्यावर टेकवायचा. गाल टेकला की डोळा आपोआप नेम धरायच्या बारीक भोकामागे यायला हवा. केतकीचे गाल बसलेले, त्यामुळे तिचा डोळा खाली राहायचा आणि तो वर आणला की गाल अधांतरी. वैशालीचे गाल भरलेले, तिला टेक खालीच लागायची. क्लबच्या सरांना म्हणून खाली-वर करता येईल अशी गालाची टेक हवी होती, आणि बाहेरून मागवली तर निवड स्पर्धेच्या आधी येण्याची चिन्हं नव्हती. या स्पर्धेतून पुढे राज्याला जायचं होतं. हे सगळं आमच्याकडे जेवताना मामांच्या कानावर पडलं. ते वालाचं बिरडं पुढे ओढत म्हणाले, "म्हंजे नजरच बसवायची ना? त्यात काय एवढं."

सरांनी नळी वगैरे लोखंडी भाग काढून ठेवले आणि नेम धरायच्या भोकाची चकती तेवढी जागेवर ठेवून लाकडी दस्ता मामांना दिला. देताना स्पष्ट सांगितलं, दोघींसाठी आहे, खाली-वर व्हायला हवं. मामांनी मान डोलावली, पण त्या वेळी त्यांचं लक्ष सरांच्या भुवयांकडे होतं. काम मात्र त्यांनी मन लावून केलं, हे मी कुठेही सांगेन. सागाचा तुकडा असा कोरला की गाल आपणहून त्यात जाऊन बसावा. खाली पितळेच्या दोन दांड्या, त्या दस्त्यातल्या भोकांत सरकणाऱ्या, आणि बाजूला घट्ट करायला एक चावी. या वस्तूचं नाव त्यांनी 'गालउशी' ठेवलं. मग ती घेऊन ते वरशाला आले आणि आमच्या बाहेरच्या खोलीत चटईवर केतकी पालथी आणि तिच्या नाकासमोर नाक लावून मामा पालथे, असं ते दृश्य दुपारभर चाललं. पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरी दारातूनच परत गेले.

"गो केतके, डोळं मिट. श्वास सोड. गाल टेकव. आता उघड. काय दिसतंय?"

"भोकाची वरची कड दिसते, मामाआजोबा."

"म्हंजे खाली हाय. थांब." चावी सैल, केसभर वर, चावी घट्ट. पुन्हा मिट, पुन्हा उघड. संध्याकाळ होता होता केतकी म्हणाली की आता मधोमध दिसतंय, आणि मामांनी जमिनीवर अशी थाप मारली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. "बसली!" ते म्हणाले. तशीच ती पॉलिश करायला पेणला घेऊन गेले आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरांच्या हातात दिली. केतकीने लगेच आडवं पडून बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. वैशालीला त्या दिवशी येता आलं नव्हतं.

स्पर्धेला मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. पुढच्या रांगेत बसले आणि शेजाऱ्यांना गालउशी कुणी केली ते न विचारता सांगू लागले. पहिल्या फेरीत केतकीने इतका चांगला नेम धरला की मला माझ्या चपलांची आठवणही राहिली नाही. मग वैशालीची फेरी. सरांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, टेक खाली घ्यायला चावी धरली आणि फिरवली. चावी फिरेना. पक्कड आणली, तरी फिरेना. सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"फिरायची नाय ती," मामा खुर्चीतून कौतुकाने म्हणाले. "पक्की केलीय मी. आत गोंद भरलाय, दोन नळ्यांचा. ऐन वेळी ढिली झाली असती तर? आखलेला डोळा कुणी हलवतं का, सर?"

सरांनी पक्कड खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मामा, दोघींची रायफल आहे. सांगितलं होतं मी तुम्हाला."

मामांचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा माणूस मात्र निघून गेला. "पटाशी द्या कुणीतरी," ते उठून म्हणाले. "खरवडतो. आत्ता खरवडतो." पण फेरी पुकारली गेली होती, आता कुणालाही हात लावता येणार नव्हता. वैशालीने रायफल घेतली आणि ती आडवी झाली. त्या उंच टेकेवर तिचा भरला गाल नीट टेकेना. मान आखडून, जबडा दाबून ती डोळा खाली आणायची, आणि बार झाला की तो पुन्हा वर जायचा. आम्हा बाकीच्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मामांना एवढ्या लांबून सगळं दिसत होतं, हेच वाईट झालं. प्रत्येक बाराला ते स्वतःशीच पुटपुटत होते, "वर ऱ्हातीय... वर ऱ्हातीय पोरीची नजर." शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत बघण्यासारखं काही समोर असताना मामांनी डोळे मिटलेले मी प्रथमच पाहिले.

केतकीची निवड झाली. वैशालीची झाली नाही, थोडक्यात राहिली. तिची आई कामाचा खाडा करून आली होती, ती आमच्याजवळ आली आणि मामांना म्हणाली, "व्हतं असं, बाबा. तुमी काय मुद्दाम केलंय थोडंच." त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा माझ्या चपलांकडे बघू लागलो. बँकेतली, साहेबांच्या घरची, सगळी जुनी लाज यापुढे अगदी किरकोळ होती. घरी आणलेला पेढ्यांचा पुडा कुणी सोडला नाही. केतकी म्हणाली, "बाबा, त्या टेकेवर मी एकटीच मारू शकत होते. मग मी जिंकले कशी?"

त्यानंतर मामा आमच्याकडे यायचे बंद झाले. फोन केला की पलीकडून "मामा घरात नाय" असं मामांच्याच आवाजात उत्तर यायचं. बायकोने एकदा "मामा, तुम्हीच बोलताय ना?" असं विचारलं, तर थोडं थांबून आवाज म्हणाला, "व्हय. पण घरात नाय." मग एका रविवारी ते अचानक दारात उभे राहिले. काखेत कापडात गुंडाळलेला दस्ता. सरांकडून मागून नेला होता, जुनी टेक कापून काढली होती आणि दुसरी केली होती. "वाडीवर जायचंय," चौकटीकडे बघत ते म्हणाले. "माझ्यानं एकट्यानं जाववत नाय."

आम्ही कासूला उतरून चालत गेलो. वैशालीची आई अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती, तिने लगबगीने पाणी आणलं. वैशालीने गोणपाट अंथरलं आणि दस्ता घेऊन पालथी झाली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले, पण मान खाली. जमिनीकडे बघत चाचपडत टेक वर करत होते, खाली करत होते, "आता? आता कसं?" असं विचारत होते. मी हा प्रकार बघू शकत नव्हतो. सबंध तालुक्याला डोळे फाडून बघणारा माणूस एका पोरीसमोर डोळा उचलत नव्हता.

"मामा, माझ्याकडं बगा तरी," शेवटी वैशाली म्हणाली. "न बगता कसं जमंल तुमाला?"

मामांनी मान वर केली. खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डोळं चांगलं हायत गो तुझं. माझंच बसवताना चुकलं." आणि चावीवरचा हात काढून घेतला. "घे, तू फिरव. तुझ्या हातानं. पायजे तेव्हा वर, पायजे तेव्हा खाली." वैशालीने चावी सैल केली, टेक सरकवली, गाल ठेवला, पुन्हा सरकवली. मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ती हसून "बसलं" म्हणाली तेव्हा त्यांनी जमिनीवर थाप मारली नाही. नुसती मान हलवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

यंदा पुन्हा निवड आहे आणि दोघी जोडीने सराव करताहेत. मामा अजून डोळे आखतात आणि आखणीच्या वेळी अजून पंखा बंद असतो. पण कारखान्याबाहेर आता ते कुणाच्या चष्म्याला हात लावत नाहीत, कुणाचा डोळा किती सूत खाली आहे ते सांगत नाहीत. मी इतकी वर्षं हेच तर मागत होतो. गेल्या महिन्यात ते येणार म्हणून मी भिंतीवरची आमच्या लग्नाची तसबीर मुद्दाम चांगली तिरकी करून ठेवली. मामा आले, चहा घेतला, तिच्याकडे बघितलं. हात अर्धा वर गेला. मग त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "असू दे. ज्याला बघायचंय तो मान वाकडी करंल." ते गेल्यावरही ती तशीच आहे, माझ्याने सरळ करवत नाही.