मीटरबाईचं कोरडं अंगण

मीटरबाईला रिटायर होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तोच तिनं कुदळ घेतली आणि घरापुढचं लॉन उकरून टाकलं. वसाहतीतल्या बावीस घरांपुढे एकसारखी हिरवळ आणि हिच्याच दारात खडी-माती. नोकरी सुटली म्हणून बाईचं डोकं फिरलं, असं शेजारीपाजारी म्हणायला लागले. फिरलं-बिरलं काही नव्हतं. डोकं एकतीस वर्षं तापलेलंच होतं, फक्त आता तिला सवड मिळाली होती.

पाणीखात्यात ती मीटर वाचायची. एका हातात टोकाला हूक असलेली सळई, दुसऱ्या हातात टॉर्च. फाटकाजवळचं लोखंडी झाकण उचलायचं, आतल्या बेडकाला बाजूला सारायचं, काच पुसायची, आकडा लिहायचा. या वसाहतीतले मीटर उन्हाळ्यात गरगर फिरायचे, कारण गवताला दिवसातून दोनदा आंघोळ. आणि इथून वीस मिनिटं चाललं की गावाची कड. तिथे एका नळावर बाया बादल्या घेऊन ताटकळलेल्या. तोही मीटर तीच वाचायची. एकाच सकाळी दोन्ही बघणाऱ्या माणसाला राग येणार नाही तर काय हसू येणार? लोकांना सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तिनं ठरवलं, आपल्या अंगणात तेच लावायचं, जे कुणी पाणी न घालता जगतं.

नर्सरीवाल्याला विचारलं तर तो गुलाब दाखवायला लागला. मग ती खाणीच्या कडेनं आणि रेल्वेच्या भरावावरून हिंडली. पोत्यात घालून घायपात आणलं, फड्या निवडुंग आणलं, करड्या पानांचं एक झुडूप आणलं, ज्याचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ऑलिव्हचं आणि लॅव्हेंडरचं एकेक रोप लांबून मागवलं. पहिले पंधरा दिवस तांब्याभर पाणी, पुढे ज्याचं त्यानं बघायचं. लॅव्हेंडर महिन्यात गेलं. ऑलिव्ह दोन वर्षं रुसून बसलं. मेलेल्या झाडासाठी ती रडत बसायची नाही. उपटायची आणि त्याच खड्ड्यात दुसरं लावायची. तिसऱ्या वर्षी निवडुंगाला लालचुटूक फळं धरली. काटे भाजून तिनं पहिलं फळ नवऱ्याला दिलं, तर त्याचे ओठ संध्याकाळपर्यंत रंगलेले.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. साधा, भित्रा माणूस. भांडणाचा आवाज आला की भिंग डोळ्याला लावून एखाद्या घड्याळात शिरायचा. आणि भांडण तर दाराशीच होतं, कारण शेजारच्या घरात त्याचा धाकटा भाऊ राहायचा आणि तोच वसाहतीचा अध्यक्ष. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

एक दिवस हे भाऊजी स्वतः नोटीस घेऊन आले. घरापुढची जागा हिरवी असली पाहिजे, असा नियम. महिनाअखेरच्या रविवारी पाहणी होणार. अंगण हिरवं दिसलं नाही तर माळी सगळं उपटून लॉन अंथरणार.

"भाऊजी, चहा घ्या आणि कागद परत न्या," मीटरबाई म्हणाली.

भाऊजींनी चहा घेतला, कागद ठेवून गेले. नवऱ्यानं तो भिंगातून दोनदा वाचला.

रिटायर झाली तरी रोज सकाळी स्वतःच्या घरचा मीटर वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दोन माणसांचं घर, किती पाणी जाणार? पाहणीला दहा दिवस असताना आकड्यानं उडी मारली. गळती असेल म्हणून तिनं नळ तपासले, टाकी तपासली, पाइपाला कान लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी निवडुंगाच्या फड्याला अंगठा लावला तर तो पिकलेल्या केळ्यासारखा आत गेला. घायपाताची खालची पानं पिवळी पडून लोंबत होती.

नवव्या दिवशी ती उजाडायच्या आत उठून खिडकीत उभी राहिली. बनियन घातलेला तिचा नवरा हातात पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होता, अगदी मन लावून, एकेका झाडाच्या बुडाशी वाकून.

"अहो, काय केलंत हे?"

"हिरवं दिसायला हवं म्हणाला ना तो," नवरा म्हणाला. पाइप तसाच वाहत होता. "मला तुझं अंगण वाचवायचं होतं गं."

अति तिथे माती, दुसरं काय. तिला रडू आलं आणि रागही आला. राग तरी धड कुणावर काढायचा? शत्रूनं केलं असतं तर चार शिव्या हासडता आल्या असत्या. दिवसभर ती अंगणातच होती. सडलेलं सगळं उपटलं. निवडुंगाचे जेवढे फडे वर धड राहिले होते तेवढे कापून, चीक वाळायला सावलीत मांडले. घायपाताची पिल्लं वेगळी केली. ऑलिव्ह तेवढं तगलं होतं.

रविवारी भाऊजी आले. मागे दोन सभासद आणि हातगाडीवर लॉनच्या गुंडाळ्या घेतलेला माळी. अंगण अर्धं उघडं पडलेलं. मीटरबाई उकिडवी बसून वाळलेले फडे मातीत खोचत होती.

"वहिनी, तुमची झाडं मेली की," भाऊजी म्हणाले. "आता तरी हट्ट सोडा."

"पाणी मिळालं म्हणून मेली. आणि हट्ट म्हणाल तर हट्टच आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही उपटा, मी परत लावीन. बघू आधी कोण दमतं ते."

भाऊजींनी माळ्याला खूण केली. माळ्यानं पहिली गुंडाळी उचलली, तेवढ्यात दारातून नवरा बाहेर आला. एका हातात पाना, दुसऱ्या हातात अंगणातला पितळी नळ. तो त्यानं भावाच्या हातात ठेवला.

"पाइपाला बूच मारलंय. इथे आता पाणी येणार नाही. लॉन अंथरायचं तर खुशाल अंथर, पण रोज दोन वेळा तुझ्या घरून बादल्या आणाव्या लागतील."

"दादा, तू यात पडू नकोस."

"भीत भीत पडलो आणि हिची झाडं मारून बसलो," नवरा जागचा न हलता म्हणाला. "आता न भिता पडतोय."

माळी म्हणाला, पाण्याशिवाय हे गवत चार दिवसांत पेंढा होईल, आणि त्यानं उचललेली गुंडाळी परत गाडीवर ठेवली. भाऊजींनी नळ उलटसुलट करून पाहिला. मग हा विषय सभेत ठेवतो म्हणाले. मीटरबाई म्हणाली, ठेवा, मी येईन, आणि पुढचा फडा खोचला. नवरा पाना खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. किती खोल लावायचा, त्यानं विचारलं. तिनं बोटानं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं ती सळई घेऊन फाटकाशी गेली, झाकणाच्या कडीत हूक अडकवला. नवरा दारात उभा राहून बघत होता. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, हूक काढून घेतला आणि झाकण न उघडताच घरात गेली.