दोन्हीकडून पांढरा चिंचोका

काल अमरावतीच्या घरी चिंच फोडताना एक चिंचोका फरशीवर उडाला आणि मला अकोल्याच्या कृषी कॉलेजचं हॉस्टेल आठवलं. मी आणि माझी रूममेट तेव्हा मोबाइलवर एक जपानी चित्रकथा वाचायचो. तिच्यात भुतं माणसांशी डाव मांडायची आणि हरणाऱ्याचा आवाज काढून न्यायची. तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी, वाळ्याचा वास सोडणाऱ्या कूलरपुढं, आम्हीही डाव मांडला. दोघींकडे आपापले चार अर्धे चिंचोके, पाठ काळी, पोट पांढरं. जिचे पांढरे जास्त पडतील ती जिंकणार. ती हरली. गळ्याला चिमटा घेऊन म्हणाली, “दंड म्हणजे दंड. तू सोडशीन तवाच बोलीन.” मला वाटलं, जेवताना बोलेलच. नाही बोलली. सकाळी परीक्षकांनी तिला बोंडअळीबद्दल विचारलं, तेव्हा मी दारातच उभी होते. “सांगा ना, काहून गप्प?” ते खेकसले. तिचं कपाळ घामानं भिजलेलं, नजर माझ्यावर. त्यांनी शून्य मांडायला पेन उचललं, तरी मी क्षणभर थांबले, खरंच पाळते का ते बघायला. मग ओरडले, “घे वं, देल्ला तुले आवाज वापस!” आणि ती धडाधड उत्तरं देत सुटली. माझ्या चारांपैकी एक चिंचोका मी आधीच पायरीवर घासून पाठीकडूनही पांढरा केला होता. एवढंच तिला सांगायचं आहे, पण आजवर माझ्या तोंडून आवाज फुटलेला नाही.