थोरलीचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका लोखंडावर जीव टाकणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात झाला नाही आणि पुढंही होणार नाही. आम्ही बहिणीला आक्का आणि त्यांना दाजी म्हणत असू. छंद म्हणून कुणी कबुतरं पाळतं, कुणी तबला बडवतं, फारच झालं तर राजकारणात पडतं. दाजींना छंद होता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अवजड लष्करी ट्रकांचा. सरकारनं लिलावात काढलेले, लिलावात घेणाऱ्यांनी पिळून काढलेले आणि शेवटी कुठल्या तरी बांधाला बाभळीखाली गंजत पडलेले सांगाडे ते बैल जुंपून ओढून आणत. येडशीच्या अलीकडं त्यांचं गाव होतं. तिथं घरामागच्या मोकळ्या जागेत या सांगाड्यांची वर्षानुवर्षं सेवा चाले. पोटासाठी नोकरी होती, खरेदी-विक्री संघाच्या गोदामावर ज्वारीची पोती मोजून घ्यायची. पण गोदामात त्यांचं शरीर तेवढं असे. पोत्याचा काटा स्थिर होईपर्यंत त्यांचा उजवा हात हवेत गिअर बदलत असतो, असं तिथले हमाल सांगत आणि त्यात मला तरी खोटं काही वाटलं नाही.

या सगळ्या सांगाड्यांचे अवयव काढून काढून त्यांतून एकच ट्रक पुरता जिवंत झाला होता. लांब नाकाचा, आडदांड, पुढचे दोन दिवे एकमेकांशी न पटणारे. त्याचं नाव दाजींनी 'थोरली' ठेवलं. "मग मी धाकली का?" असं आक्कानं लग्नानंतर लगेच विचारलं होतं म्हणतात. दाजींनी विचार करून "वयानं तीच मोठी हाय" असं सरळ उत्तर दिलं आणि त्या दिवसापासून घरात कोण थोरली आणि कोण धाकली हा वाद कधी मिटला नाही. रोज सकाळी आंघोळीनंतर दाजी कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढत आणि उरलेल्या विभूतीत बोटं बुडवून तेवढेच तीन पट्टे थोरलीच्या बॉनेटवर ओढत. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत बसले, की घरी पाहुणा आला काय आणि गेला काय, सारखंच. त्यांची आई कर्नाटकातल्या आळंदकडची, त्यामुळं राग आला की दाजी कानडीत शिरत. मात्र ती कानडी फक्त थोरलीच्या वाट्याला येई. माणसावर चिडलेलं मी त्यांना पाहिलंच नाही.

थोरलीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. एकदा माझे वडील तिच्यात उजवीकडं बसून निघाले आणि वाऱ्यानं त्यांना डुलकी लागली. समोरून येणाऱ्या गाडीवानानं पाहिलं, तर एवढं धूड अंगावर येतंय आणि चालवणारा म्हातारा खुशाल मान टाकून झोपलाय! त्यानं बैल थेट तुरीत घातले. दाजी खाली उतरून त्याला समजावत होते की चालवणारा मी आहे, मी जागा आहे. गाडीवान मात्र वडिलांकडं बोट दाखवून "आदी त्यांला उटवा" एवढंच म्हणत राहिला.

आता इतकं करून या ट्रकाचा उपयोग काय, तर काही नाही. दर सोमवारी दाजी तिला रामलिंगाच्या देवळापर्यंत नेत आणि परत आणत. ऊस वाहायला तिला भाड्यानं मागायला एका कारखान्याचे चेअरमन स्वतः दारात आले होते. दाजींनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "तिनं लढाई बगितलीया, साहेब. म्हातारपणी तिला मोळ्या उचलायला लावू नका." चेअरमनना असं कुणी बोलण्याची सवय नव्हती. ते चहा अर्धा टाकून गेले.

थोरलीला एक दुखणं होतं, तिचा रेडिएटर गळायचा. तसला रेडिएटर दाजींना सोलापूर, हैदराबाद पालथं घालूनही मिळाला नाही. मग ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय म्हणून ते त्यात हळद टाकत. हळद आक्काच्या डब्यातली. त्यामुळं घरातली आमटी पांढरी आणि रेडिएटर मात्र पिवळाधमक. हळदीचं आक्कानं चालवून घेतलं, पाण्याचं तिला सोसत नसे. आड लांब, दोराला हात सोलवटायचे, आणि सोमवार आला की भरून ठेवलेल्या घागरी दाजी गुपचूप थोरलीच्या नाकात ओतायचे. "माझ्या मड्याला तरी ठिवा घागरभर," असं ती म्हणायची, तेव्हा आम्ही हसायचो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

बहात्तर सालच्या दुष्काळानं सगळ्यांचीच थट्टा बंद केली. माणसं खडी फोडायला रस्त्यावर गेली, जनावरं छावणीला गेली, आडाचा तळ उघडा पडला. दाजींनी आपण होऊन सोमवारची फेरी थांबवली आणि थोरलीवर पोती पांघरली. घरातलं कुणी आजारी पडावं तसं ते तिच्याभोवती हळू आवाजात वावरत. पुढं गावाला येणारा पाण्याचा टँकरही बंद पडला. पारावर गाव जमलं, बोलणं काही पुढं जाईना, तेव्हा दाजी मागून म्हणाले, "थोरली जाईल." घाट उतरून खाली एका विहिरीला अजून पाणी होतं. लोखंडी टाकी मिळाली. सगळ्यांचे चेहरे उजळले, पण एक म्हातारी उठून उभी राहिली. "आन् वाटंत तुमची गाडीच पानी पिली तर? तिची तहान गावाला म्हाईत हाय."

कुणीतरी हसलं. दाजी हसले नाहीत. ते महादेवाच्या देवळात गेले आणि सगळ्यांसमोर पिंडीवरचा बेल उचलून म्हणाले, "गावाच्या पान्यातला थेंब थोरलीच्या तोंडाला लावला, तर म्या महादेवाचा न्हाय." आमच्याकडं बेल उचलला की विषय संपतो. पुढं कोर्टकचेरी नाही.

थोरलीसाठी त्यांनी वेगळा डबा ठेवला. विहिरीवर टाकी भरून झाली, की विहीरमालकाला विचारून आपला डबा भरायचा आणि घाटात तो तिला पाजायचा. असं कित्येक दिवस सुरळीत चाललं. ज्या आक्कानं थोरलीला कधी नीट पाहिलं नव्हतं, तिनं पहिल्या खेपेला तिला ओवाळलं. दाजी इतके सुखात मी कधी पाहिले नव्हते. वेशीत घागरी घेऊन उभ्या बाया थोरलीचा आवाज लांबून ओळखायच्या आणि कडेवरच्या पोरांना दाखवायच्या.

मी तेव्हा वाशीला शाळामास्तर होतो. शाळा दुपारी लवकर सुटायची आणि एकदा मी त्यांच्याबरोबर खेपेला गेलो. परतताना घाटाच्या पायथ्याशी छावणीला निघालेली जनावरं भेटली. त्यातला एक बैल रस्त्यातच बसला होता आणि त्याचा म्हातारा धनी त्याच्या तोंडावरून नुसता हात फिरवत होता. दाजी उतरले. टाकीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थोरलीचा डबा काढला आणि बैलापुढं ठेवला.

"दाजी, विहीर तर लांब मागं राहिली. मग घाटात काय करायचं?" मी विचारलं.

"हे पानी माझं हाय, मास्तर. हे देता येतंय."

बैल प्यायला, थोडा वेळ तसाच राहिला आणि उठला. आम्ही घाट चढू लागलो. अर्ध्या चढाला बॉनेटमधून वाफ आली, माथ्यावर ती यायचीही थांबली, कारण आत काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, एक घागर टाकीतली घ्या, कुणाला कळणार आहे? दाजींनी बॉनेटवरच्या विभूतीच्या पट्ट्यांकडं बोट दाखवलं. मग मी म्हटलं, थांबू या, मी चालत गावात जाऊन पाणी आणतो. म्हणून झाल्यावर माझं मलाच कळलं, की गावातलं सगळं पाणी आमच्या पाठीमागं टाकीत आहे.

"बाया सकाळधरनं उन्हात हायत," दाजी म्हणाले आणि त्यांनी गाडी तशीच पुढं काढली. वाटभर ते थोरलीशी कानडीत बोलत होते. त्यात एकही शिवी नव्हती. मला कानडी येत नाही, पण आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस कुठल्याही भाषेत तसंच बोलतो.

वेशीत पोचलो आणि आतून कर्रकन आवाज आला. इंजिन जागच्या जागी जाम झालं. बायांनी टाकीला गराडा घातला, घागरी वाजू लागल्या, भांडणं सुरू झाली. दाजी स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. तो आवाज कसला होता हे त्या गर्दीत एकट्या आक्काला कळलं होतं. ती आपल्या वाट्याची घागर भरून घेऊन पुढं आली आणि दाजींच्या दाराशी तिनं ती वर केली.

"ही माझ्या वाट्याची हाय. गावाची न्हाय. वता तिला."

दाजींनी घागरीला हात लावला आणि तो तसाच ठेवला. "आता घातलं तर फुटंल गं. लई तापलीया. घरी ने, पोरांला पाज."

आक्का घागर खाली ठेवून तिथंच रडायला लागली. सवतीसाठी रडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढं पाऊस झाला, आडाला पाणी आलं. बैल जुंपून थोरलीला घरामागं आणून लावलं. ज्या माणसानं मोडीतून एवढा ट्रक उभा केला, त्यानं तिचं इंजिन पुन्हा कधी उघडलं नाही. मी गेलो की आक्का मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणायची, "तुज्या दाजींना सांग ना, खोलून बगा म्हनावं. हळद लागली तर म्या देते." एका संध्याकाळी मी धीर करून विचारलं. दाजी थोरलीची काच पुसत होते.

"खोलून काय करू, मास्तर?" ते म्हणाले. "आतून पार गेल्याली निगाली, तर मग? न्हाय खोललं तवर ती आजारी हाय."

त्यांनी फडकं झटकलं आणि दुसरी काच पुसायला घेतली.