बोटं उमटलेली कणीक

बाजारातून टोमॅटो घेऊन परत आले, तर आमच्या फाटकात पगारेताई उभ्या. शेजारच्या पगारेताई बँकेत नोकरीला, रविवारची दुपार त्या झोपेत घालवतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक. त्या भर उन्हात, अनवाणी, माझं फाटक धरून उभ्या दिसल्या तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी झालंय. "शालूताई, पिशवी माझ्याकडे द्या," एवढंच त्या म्हणाल्या. मी पिशवी दिली नाही. ती हातात धरूनच आत गेले. वहिनी दिवाणावर कुशीवर झोपली होती, चष्मा काढून उशीशेजारी ठेवलेला. हाकेला ओ आली नाही म्हणून पगारेताईंनीच डॉक्टरांना बोलावलं होतं, ते येऊन गेले होते. झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार, असं सांगून गेले म्हणे. मला रागच आला. त्रास झाला नाही हे यांना कुणी येऊन सांगितलं? घरात माणसं जमायला लागली, कुणी फोन करत होतं, कुणी मला पाणी देत होतं, आणि मी आपली टोमॅटो कुठे ठेवू, टोमॅटो कुठे ठेवू, हेच विचारत होते...

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेरची येवल्याची. मी लग्न केलं नाही, त्यामुळे देवळाली कॅम्पातल्या या घरात दादा, वहिनी, त्यांचा मुकुंद आणि मी, अशी आमची चौकट. नव्वदीच्या मध्यावर मुकुंद अमेरिकेला गेला. दोन-तीन वर्षांत दादा गेला. उरलो आम्ही दोघी. नणंद-भावजय एका छताखाली कशा नांदतात ते बघायला नातेवाईक मुद्दाम येऊन राहायचे, आणि आम्ही त्यांना निराश करायचो नाही. रोज भांडायचो. चहात साखर किती यावर, रेडिओच्या आवाजावर, दार लावलं की नाही यावर. एरवी ती मला शालू म्हणायची, पण भांडणात मात्र "वन्सं" म्हणून हाक मारायची. "वन्सं, आपण फार शिकलेल्या, आम्ही काय बोलणार" असं सुरू झालं की समजायचं, संध्याकाळपर्यंत अबोला. दिवेलागणीला ती कणीक मळायला घ्यायची आणि परातीतून मान वर न करता विचारायची, "किती पोळ्या खाशील?" तिथे अबोला संपायचा. मी आयुष्यात कधी कणीक मळली नाही. ती म्हणायची, तुझा हात फळ्यासाठीच केलाय देवानं.

मी शाळेत भूगोल शिकवला. नोकरीभर खडूनं इटलीचा बूट काढला, तो सिसिलीला कशी लाथ मारतो ते सांगून पोरींना हसवलं, आणि निवृत्त झाले तेव्हा मुंबईपलीकडे समुद्र काही मी पाहिलेला नव्हता. एकदा पेपरात युरोप सहलीची जाहिरात आली. मी म्हटलं, वहिनी, चल. ती म्हणाली, तिकडे गुपचूप अंडं घालतात सगळ्यात. मी म्हटलं, आपल्याबरोबर टूरवाल्यांचा महाराज असतो, भात-आमटी मिळते. मग बूट कुठले घालू, साडीवर शोभतील का, शेजारी काय म्हणतील... शेवटी पगारेताईंनीच तिला पांढरे बूट आणून दिले आणि ती सुती साडीवर ते घालून विमानात बसली. आमच्या गटात सगळी जोडपी. फोटो काढायची वेळ आली की जोड्या उभ्या राहायच्या आणि आम्ही दोघी कुणाचे तरी कॅमेरे हातात घेऊन समोर. तुमचा फोटो काढू का म्हणून कुणी विचारलं की वहिनी म्हणायची, "राहू दे हो, आम्ही घरी एकमेकींना बघतोच." लोक हसायचे. रात्री हॉटेलच्या खोलीत ती दादाचा स्वेटर पांघरुणावर घेऊन झोपायची, आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवायचे.

फ्लॉरेन्सच्या अलीकडे एका गावात, सहलीच्या कार्यक्रमात पास्त्याचा वर्ग होता. स्वतःच्या हातानं करायचा आणि मग तोच जेवायचा. गटातले निम्मे लोक खरेदीला पळाले. आम्ही दहा-बारा जण एका घराच्या मोठ्या स्वयंपाकघरात लाकडी टेबलाभोवती उभे राहिलो. शिकवणारी बाई लुचिया, साठीची, दंड पैलवानाचे. तिला इटालियनच यायचं, आमचा टूर मॅनेजर निखिल ते मोडकंतोडकं आम्हाला सांगायचा. आमच्यात शाकाहारी बरेच, म्हणून तिनं अंड्याशिवायची कृती घेतली. ती मूळची दक्षिणेकडची, तिच्या माहेरी असाच करतात म्हणे, नुसता रवाळ पिठाचा आणि पाण्याचा. वहिनीनं पदर खोचला. माझ्या कानात म्हणाली, "आता बघ. तुझी इटली माझ्या परातीत." आणि नेहमीच्या सवयीनं तिनं पाणी ओतलं. पोळीची कणीक कशी लोण्यासारखी लागते, तशी तिनं मळली. लुचिया आली, बोटानं दाबून पाहिलं, मान हलवली आणि मूठभर पीठ त्यावर टाकून स्वतःच मळायला लागली. तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं ढकलायची, दुमडायची, पुन्हा ढकलायची. वहिनीचा चेहरा पडला. जन्मभर कणीक मळलेली बाई, आणि परदेशात जाऊन नापास. मला हसू आवरेना. "वन्सं," ती दातांत म्हणाली, "आपला गोळा बघा आधी." माझ्या गोळ्याला गोळा म्हणणं हा तिचा चांगुलपणा होता.

बाहेर आभाळ गडगडलं. वहिनी सहज म्हणाली, "सराव सुरू झाला वाटतं." आमच्या कॅम्पात तोफांचा सराव असला की खिडक्या थरथरतात, मांडणीतल्या ताटल्या वाजतात. मग तिच्याच लक्षात आलं आपण कुठे आहोत ते, आणि तिनं हाताचं पीठ उगाच झटकलं. मला तेव्हा कळलं की तिला घरची आठवण येते आहे. घर म्हणजे तरी काय, तर मीच की, आणि मी शेजारीच उभी होते. पण तेवढं तिला पुरत नव्हतं.

लुचियानं सगळ्यांना गोळे गोल, गुळगुळीत करायला लावले. वर वाडगा पालथा घालायचा आणि अर्धा तास पीठ मुरू द्यायचं. वहिनीनं गोळा केला आणि झाकायच्या आधी त्यावर चार बोटं दाबली. तुम्हाला ठाऊक असेलच, आपल्याकडे कणकेचा गोळा तसाच गुळगुळीत ठेवत नाहीत. गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड, तो मेलेल्या माणसाचा. वहिनी रोज बोटं दाबायची आणि पुटपुटायची, "झालं, आता हे जिवंतांचं." लुचियानं ते खड्डे पाहिले, हसली, आणि गोळा पुन्हा गोल करून ठेवला. वहिनीनं पुन्हा बोटं दाबली. लुचियानं पुन्हा गोल केला. तिसऱ्यांदा वहिनीनं तिचा हातच धरला. सगळे बघायला लागले. निखिल बिचारा घाबरला, त्यानं मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यानं त्याच्या इटालियनमध्ये काय सांगितलं देव जाणे. मेलेल्या माणसासाठी, एवढंच तिच्यापर्यंत पोचलं असावं. कारण लुचियाचा चेहरा बदलला. तिनं हात पुसले आणि वहिनीकडे बघून हळूच काहीतरी विचारलं. निखिल म्हणाला, "त्या विचारतायत, तुमचं कोण गेलं?"

वहिनीनं पिठाचा हात माझ्याकडे केला आणि म्हणाली, "हिचा भाऊ."

माझा नवरा म्हणाली नाही. हिचा भाऊ म्हणाली. दादा गेल्यावर जो तो तिचं सांत्वन करायला यायचा, आणि मी चहा करत आत असायचे. बहिणीचं काय गेलं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला ते माहीत होतं, हे मला त्या परक्या स्वयंपाकघरात, मनगटापर्यंत पीठ लागलेलं असताना कळलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे वळले तेव्हा वहिनीचा गोळा तसाच होता, बोटांसकट, आणि लुचिया आपल्या गोळ्यावर एक बोट दाबून त्यावर वाडगा घालत होती. कुणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

मग तिनं पिठाचे बारके तुकडे करून अंगठ्यानं दाबून कानाच्या पाळीएवढे पास्ते करायला शिकवले, आणि वहिनी ओरडली, "अगं, हे तर आपले नखुले!" लग्नाच्या रुखवतासाठी तिनं येवल्याला खिरीचे गव्हले, नखुले केलेले. नंतरची दुपार तिची छान गेली. लुचियाचा हात तिच्यापेक्षा फार वेगानं चालायचा, पण तिला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

परत आल्यावर रविवार म्हणजे इटलीचे नखुले, असं ठरून गेलं. टोमॅटो, लसूण, आणि जिऱ्याची फोडणी. जिरं तिकडे नसतं म्हटलं की म्हणायची, "म्हणूनच त्यांना इतकं चीज लागतं." दुपारी पीठ मळून, बोटं दाबून, वाडग्याखाली ठेवायची आणि मला टोमॅटो आणायला पिटाळायची. पाच-सहा वर्षं हेच चाललं. शेवटच्या रविवारीही तेच. "मुरू दे तोवर जरा पडते," असं ती म्हणाली, आणि मी पिशवी घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी पगारेताई ओटा आवरायला लागल्या आणि त्यांनी तो वाडगा उचलला. खाली गोळा. वर चार बोटं. मी तो डब्यात घातला आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. शिळी कणीक घरात ठेवू नये, भुतं येतात म्हणतात. म्हटलं, येऊ देत. ओळखीचीच असतील.

मुकुंद अमेरिकेहून आला. रामकुंडावर दहावं केलं. गुरुजींनी पिंड वळले, एकसारखे, गुळगुळीत. माझा हात आपोआप पुढे गेला. गुरुजी म्हणाले, "ताई, हात नका लावू." मी हात मागे घेतला. परत येताना द्वारकेच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मुकुंद म्हणाला, "आत्या, एकटी काय करणार तू इथे? घर विकू. पुण्यात चांगली सोय आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत, जेवण वेळेवर मिळतं." चांगला मुलगा आहे, पोटतिडकीनं बोलत होता. बघू म्हटलं. दोन महिन्यांत सांग, म्हणाला, आणि गेला.

हे दोन महिने मी पोळी-भाजी केंद्रावरच्या पोळ्या आणून खाल्ल्या. ओट्याशी उभ्यानं. भांडायला कुणी नाही म्हणजे काय, ते आता समजतं आहे... चहात साखर माझ्या मनासारखी पडते आणि तो चहा घशाखाली उतरत नाही. रेडिओ मोठ्यानं लावते आणि मग स्वतःच जाऊन लहान करते. आणि रोज, भारनियमनात गेलेली वीज परत आली की आधी तो डबा उघडून बघते. बोटं आहेत का. होती. जरा बुजलेली, पण होती. मुकुंदचा फोन आला की मी सांगायचे, अजून ठरलं नाही. हा गोळा पुण्याला कसा न्यायचा, हा प्रश्न मी त्याला कोणत्या तोंडानं विचारणार?

गेल्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दीड दिवस वीज नव्हती. डबा उघडला, तर गोळा सैल होऊन बसलेला. करडा, गोल. एकही बोट नाही. मी डब्यावर हात ठेवून बराच वेळ जमिनीवर बसले. मग रडले, मोठ्यानं, घरात कुणी नव्हतं म्हणून. वहिनी गेली हे मला त्या दिवशी कळलं. असा गोळा कुणाचा असतो, हे तिनंच मला शिकवलं होतं. रिक्षा केली आणि दारणा नदीच्या पाण्यात तो सोडून आले. पगारेताई बरोबर येते म्हणाल्या, मी नको म्हटलं.

घरी येऊन मुकुंदला फोन लावला. म्हटलं, मी इथेच राहते. तो म्हणाला, "आत्या, अगं पण जेवणाचं काय?" म्हटलं, ते बघते.

परात काढली. पीठ घेतलं, पाणी घातलं, जास्तच पडलं, मग पुन्हा पीठ. लुचियानं मान हलवली असती, आणि वहिनी तर वन्सं म्हणून मोकळी झाली असती. तिकडे सराव सुरू झाला, मांडणीतल्या ताटल्या वाजायला लागल्या. ओबडधोबड का होईना, एक गोळा झाला. एकाच माणसापुरता, लहानसा. त्यावर मी माझी चार बोटं दाबली, आणि वाडगा पालथा घातला.