उकंडरावांचा खोकला

‘काका, तुम्ही विदर्भभर कार्यक्रम केलेत, मग वर्धा-देवळीवर एक अक्षर का नाही?’ असं एका वाचकाने विचारलंय. बाबा रे, टाळत होतो म्हणून. आता पंचाहत्तरी उलटली, आणखी किती टाळणार?

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी तेव्हा नागपूरच्या रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात काम करायचो आणि उरलेल्या वेळात गणपतीत, लग्नामुंजीत एकट्याने नकला करायचो. रेडिओवर माझं काम जावयाचं. सासरा होता उकंडराव. बियाण्यापासून फवारणीपर्यंत सगळ्यावर आडमुठे प्रश्न विचारणारा आणि मधूनमधून खोकणारा म्हातारा. काय खोकला होता तो! आधी घशात खरखर, मग लांबलचक उबळ आणि शेवटी ओठांवर आलेली शिवी गिळल्यासारखा हुंकार. निम्मे लोक त्या खोकल्यासाठी रेडिओ लावत. उकंडराव व्हायचे बापूराव. देवळीचे, पन्नाशीतले, आमच्यात सर्वांत जुने. माईकपुढे मी त्यांना ‘मामाजी’ म्हणायचो, ते बाहेरही चिकटलं.

दिवाळीनंतर मामाजी गावी गेले ते परत आलेच नाहीत. ‘शेतीचं काम आहे’ एवढाच निरोप. त्यांच्यावाचून कार्यक्रम अळणी पिठल्यासारखा झाला. संक्रांतीला वर्ध्याच्या कापूस व्यापाऱ्यांनी मला नकलांसाठी बोलावलं, तेव्हा ठरवलं की कार्यक्रम उरकायचा, दुसऱ्या दिवशी देवळी गाठायची आणि मामाजींना घेऊनच परतायचं.

नागपूर-वर्धा आज तुम्ही गप्पा संपायच्या आत पोचता. आमची पॅसेंजर प्रत्येक स्टेशनावर पाहुणचार घेतल्यासारखी थांबायची. तिसऱ्या वर्गात बसायला जागा मिळाली, हेच नशीब. सिंदीला संत्री घेतली, ती आंबट निघाली. वर्ध्याला उतरलो तर बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची ही रांग! हवेत सरकी आणि धुळीचा वास. धर्मशाळेत वळकटी टाकली आणि शेजारच्या खानावळीत गरम सांबारवडी खाल्ली. पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात गेलात तर ही वडी चुकवू नका.

संध्याकाळी एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कार्यक्रम होता. कापसाच्या गासड्यांवर सतरंज्या टाकून रंगमंच केला होता. मास्तर, तलाठी, रागीट सासू, सगळ्यांच्या नकला झाल्या. लोक हसत होते, पण त्यांना हवं होतं दुसरंच.

“बुढ्याले काऊन नाई आणलं?” मागून कोणीतरी ओरडलं. “खोकून दाखव ना गा!”

मग मी उकंडराव झालो. खरखर, उबळ, हुंकार. हुबेहूब. लोक पोट धरून हसले, पुन्हा पुन्हा मागू लागले. मीही भाव खाऊन घेतला. माझ्या कारकिर्दीतला तोवरचा सर्वांत मोठा हशा तो.

दुसऱ्या दिवशी देवळीची मोटार. दहाएक मैलांचा रस्ता, पण खाचखळगे असे की पोटातली भाकर जागा बदलते. आता दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसतं, तेव्हा नुसती पऱ्हाटी होती, कापूस वेचून उरलेली कपाशीची झाडं, तांबूस. मी कोण ते कळल्यावर कंडक्टरने मला पुढची जागा दिली.

“उकंडरावकडं चालले का? जा, जा. रोज संध्याकाळी ओसरीवर मैफल राह्यते. हसू हसू जीव जाते आमचा.”

ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे मामाजी ठणठणीत आहेत, नुसते आळसावलेत.

घर सापडायला वेळ लागला नाही, कारण हसण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. ओसरीवर दहाबारा माणसं बसली होती. मध्ये बाजेवर मामाजी. मी त्यांना ओळखलं ते टोपीवरून. गालांची हाडं वर आलेली, मान वाळलेली, सदऱ्यात माणूस शोधावा लागेल इतके ते आटले होते. मी ‘मामाजी’ अशी हाक मारली, त्यांनी मला पाहून तोंड उघडलं आणि उबळ आली. खरखर, लांब उबळ, शेवटी तो हुंकार.

ओसरी हशाने दणाणली. एकाने मांडीवर थाप मारली. “वा रे उकंडराव! जवायाले पाह्यलं अन् खोकला सुरू!”

मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना तेही कसबच वाटलं. काल जिनाच्या आवारात मी ज्याची नक्कल केली होती, ते हे होतं.

लोक गेल्यावर मामी, म्हणजे बापूरावांची बायको, भाकरी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी घेऊन आली. मामाजींपुढे मात्र पेजेची वाटी. तीही उतरेना.

“मामाजी, हे कधीपासून?” मी विचारलं.

त्यांचा आवाज गेला होता, कुजबुज तेवढी उरली होती. “पह्यल्यांदा माईकपुढंच आला. खराखुरा. मले वाटलं, गेली नोकरी. पण काचंमागं सारे हसून राह्यले व्हते. साहेबबी हसले. मंग म्हटलं, बरं हाय. आला की उकंडराव व्हाचं.”

मला तो दिवस आठवला. तेव्हा सगळं थेट प्रक्षेपित व्हायचं, चूक झाली तर झाली. त्या एका खोकल्याला इतकी दाद आली की पुढच्या आठवड्यापासून लेखकच संवादात कंस टाकून ‘खोकतो’ असं लिहायला लागला. कागदावर एकदा असायचं, मामाजी पाचदा खोकायचे. आम्ही म्हणायचो, काय भर घालतो हा माणूस!

“घरीबी तसंच,” मामी म्हणाली. “मी म्हणो, दवाखान्यात चला, त हे बुढ्याच्या आवाजात बोलत अन् मले हसू ये. गावात कोणाले सांगतलं की बिमार हायेत, त तोबी हासते. म्हणते, वहिनी, तुमीबी नकला शिकल्या!” तिने पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती.

सकाळी शेजाऱ्याची दमणी मागून आणली. दमणी म्हणजे छप्पर असलेली हलकी बैलगाडी. मोटारीतले धक्के त्यांना सोसले नसते. खाली कडबा, वर गोधडी, त्यावर मामाजी. मी आणि मामी दोन्ही बाजूंना. थंडी बोचरी होती. वाटेत कापसाच्या गाड्या भेटत आणि गाडीवान आत डोकावून ओरडत, “राम राम उकंडराव! एकडाव होऊन जाऊ द्या!” मामाजी हात वर करत. मला त्या माणसांचा राग येत होता, आणि राग येण्यासारखं त्यांनी काहीच केलं नव्हतं, याचाही राग येत होता.

वर्ध्याच्या दवाखान्यात रांग मोठी होती. मामाजींना उबळ आली आणि रांगेतल्या एका बाईने तो खोकला ओळखला. मग सगळी रांग हसली. कण्हणारी, पट्ट्या बांधलेली माणसं हसली. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यांनी आरसा घशात धरून बराच वेळ पाहिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की गाठ आहे, फार पसरली आहे, आता घरी ठेवा आणि त्रास कमी होईल एवढं पाहा. “आधी का नाही आणलं?” असं त्यांनी विचारलं.

परत आलो तोवर मामीने मामाजींना दमणीत निजवलं होतं, पण ते टक्क जागे होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“जवाई,” ते कुजबुजले. “उकंडरावचं काम आता तू कर. तुले जमते. पण त्याचा खोकला बरा कर.”

“लोकांना तर खोकलाच हवा असतो, मामाजी.”

“म्हूनच. तो बरा झाला त मले बिमार पडता येईन.”

मामी गाडीच्या दांडीला धरून उभी होती. ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

दमणी देवळीच्या वाटेला लागली आणि मी नागपूरची गाडी पकडली. आल्या आल्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” पुढच्या कार्यक्रमात मी दोन्ही आवाज काढले, जावयाचा आणि सासऱ्याचा. जावयाने विचारलं, “मामाजी, खोकला कुठं गेला?” उकंडराव म्हणाले, “वर्ध्याच्या दवाखान्यात गेलतो. डाक्टरनं औषध देल्लं. बरा झालो मी.” मग आम्ही कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोललो.

त्यानंतर मी उकंडराव आणखी काही वर्षं केला, मग एकट्याचे कार्यक्रम केले, गावोगाव हिंडलो, टाळ्या मिळवल्या. आजारी माणसाची नक्कल मात्र कधी केली नाही. फर्माईश आली की विषय बदलतो. लोक म्हणतात, काकांना गर्व आहे. म्हणू देत.

मामाजी संक्रांतीचा महिना काढू शकले नाहीत. मी तेराव्याला गेलो तेव्हा मामीने त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळचं सांगितलं. ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीवर होता, त्याला कर्णा लावलेला. मामाजींनी हट्टाने बाज तिथे न्यायला लावली. सगळा गाव जमला. कार्यक्रमभर त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरून ठेवला. ‘बरा झालो मी’ ऐकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकाने त्यांच्या पाठीवरून हातही फिरवला. रेडिओ बंद झाला. मग मामाजींनी बोळा काढला आणि ते खोकले. खरखर, उबळ, तोच हुंकार.

“कोणीच हासलं नाई,” मामी म्हणाली. “सारे बाजेकडं पाहून राह्यले. मंग तो मांडीवर थाप मारणारा उठला, पाण्याचा गडवा घेऊन आला, अन् खाली बसून ह्यांची मान धरून पाणी पाजलं.”