हार्पच्या शेवटी अम्मा

सौदीतल्या आमच्या खमीस मुशैतला डोंगरावरून धुकं उतरलं की मला आयरिश हार्प ऐकावीशी वाटते. खाडीकाठच्या रत्नागिरीकर बाईला ही कसली आवड म्हणून माझी बहीण हसते. हसू दे, तिला काय ठाऊक.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा फोन परवडायचा नाही. गावाहून कुणी येणारं असलं की माझी आई, आमची अम्मा, कॅसेटमध्ये बोलून पाठवायची. आपण ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचं आणि जाणाऱ्याच्या हाती परत धाडायची. सगळ्या घरांत हीच रीत, त्यामुळे कॅसेट जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

शेजारी तेव्हा एक आयरिश नर्स राहायची. तिच्या मुलखातल्या जुन्या सेल्टिक हार्पच्या कॅसेटी ती खिडकी उघडी ठेवून लावायची. बोटांनी छेडलेली एकेक तार सावकाश वाजायची, पागोळ्या गळाव्यात तशी. माझी भाकरी तव्यावर करपायची. माझं हे वेड बघून आमच्या ह्यांनी तिच्याकडून एक कॅसेट आणली आणि गुपचूप उतरवून मला दिली. हौस दांडगी. पण उतरवली कशावर, तर अम्माच्या नुकत्याच आलेल्या कॅसेटवर. ऐकून झाली असेल, असं त्यांना वाटलं. मी कितीतरी दिवस धड बोलले नाही त्यांच्याशी. त्यानंतर लवकरच अम्मा गेली.

हार्प संपली की टेपच्या शेपटाला मात्र अम्मा उरली होती. थोडी खरखर, मागे कोंबड्यांची कुरकुर आणि तिचा आवाज: "जेवलीस का गं?" बस, एवढंच. तेवढ्यासाठी मी अख्खी बाजू ऐकायचे, आणि दर वेळी उत्तर द्यायचे, "जेवले, अम्मा."

यंदा टेपरेकॉर्डरने मान टाकली. बारावीतली लेक म्हणाली, "मम्मी, फोन में डलवा देती हूँ." शेवटाला हात लावू देऊ नकोस, असं तिला बजावून पाठवलं होतं. पण जुनी टेप दुकानातल्या यंत्रात नेमकी शेवटीच गुंतली आणि तुटली. चुरगळलेला तुकडा दुकानदाराने कापून फेकला. मी स्वतः जाऊन त्याला कचऱ्याची पिशवी उपसायला लावली. त्याने हात वर केले, "खलास." लेक रडत होती, तर तिच्यावरच खेकसले.

परवा दुपारी धुकं आलं. फोन ओट्यावर ठेवून मी हार्प लावली. वाजली छानच, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. शेवटची तार थांबली आणि पुढे काहीच नव्हतं. पिठाचे हात तसेच धरून मी उभी राहिले.

लेक दारात होती. घरात सदा हिंदी बोलणारी पोर, पण लहानपणापासून तीही ती कॅसेट ऐकत आलेली. ती हळूच म्हणाली, "जेवलीस का गं?"

आवाज अम्माचा नव्हता. तरी माझ्या तोंडून निघूनच गेलं, "जेवले, अम्मा."